तक्ता ठेवा, बेरजेची ओळ खोडा: सांगली जिल्ह्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांत प्रॅक्टिस करणारे सर्व फॅमिली डॉक्टर

स. न. वि. वि.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. तुमच्यापैकी अनेकांशी माझी ओळख चिठ्ठ्यांपुरतीच आहे. मान, गुडघा, फ्रोझन शोल्डर, पॅरालिसिसनंतरचा हात. तुम्ही दोन ओळी लिहून पाठवता, मी कामाला लागते. अलीकडे मात्र काही चिठ्ठ्यांवर नाव-वय आणि खाली एवढंच येतं: 'लाँग कोविड, स्कोअर १४, व्यायाम द्यावा.' आणि काही पेशंट चिठ्ठीशिवायच येतात, कारण त्यांना सांगितलेलं असतं, 'स्कोअर नऊच आलाय, म्हणजे तुम्हाला ते नाही. टेन्शन घेऊ नका.'

कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास म्हणजे लाँग कोविड. त्याचा हा स्कोअर कुठून येतो ते मी शोधलं. व्हॉट्सअॅपवर एक पानाचा तक्ता फिरतोय. बारा लक्षणं, प्रत्येकासमोर गुण, खाली बेरीज, आणि बेरीज १२ किंवा त्याहून जास्त असेल तर लाँग कोविड. खाली ना कुणाचं नाव, ना साल. पण आकडे ओळखीचे आहेत. अमेरिकेतल्या 'रिकव्हर' या मोठ्या सरकारी प्रकल्पाचा अहवाल मे २०२३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला, त्यातलीच ही गुणपद्धत आहे. ९,७६४ माणसं, ३७ लक्षणं, त्यातून निवडलेली १२. वास किंवा चव बदलणं ८ गुण. श्रमानंतर प्रकृती ढासळणं ७. जुनाट खोकला ४. ब्रेन फॉग, म्हणजे डोकं धूसर होऊन काही न सुचणं, ३, तहान ३. छातीत धडधड २, छातीत दुखणं २. थकवा, चक्कर, पोटाच्या तक्रारी, कामेच्छा कमी होणं आणि अंगाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली यांना प्रत्येकी १.

या गुणांचा अर्थ आपल्याकडे सरळ उलटा घेतला जातोय. ८ गुण म्हणजे मोठा आजार आणि १ गुण म्हणजे किरकोळ, असं ते नाही. कोविड झालेल्या आणि न झालेल्या माणसांना वेगळं काढायला एखादं लक्षण किती उपयोगी पडतं, तेवढंच तो आकडा सांगतो. थकवा कोविड न झालेल्यांनाही असतो, म्हणून त्याला १. वास जाणं इतरांमध्ये क्वचित दिसतं, म्हणून त्याला ८. फोडणीचा वास येत नाही पण दिवसभर दुकान सांभाळतो अशा माणसाला आठ गुण, आणि थकवा, चक्कर, धडधड यांनी अंथरुणाला खिळलेल्या बाईला चार. शिवाय मूळ अभ्यासात काही लक्षणं नुसती 'आहे' म्हटल्यानं मोजली जात नव्हती, त्रास ठरावीक पातळीच्या वर असावा लागत होता. फॉरवर्ड होता होता ती अट गळाली. आणि दम लागणं? आपल्याकडे पेशंट पहिली तक्रार तीच सांगतो, पण त्या बारांत ती नव्हतीच.

अभ्यास करणाऱ्यांनी स्वतः याला पहिली पायरी म्हटलं होतं आणि व्याख्या पुन्हा पुन्हा सुधारावी लागेल असंही लिहिलं होतं. तसं झालंही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी नवी आवृत्ती दिली, १३,६४७ जणांच्या माहितीवरून. आता ११ लक्षणं आणि सीमारेषा ११. पोट, कामेच्छा आणि हालचाली बाहेर गेल्या; दम लागणं आणि झोपेत श्वास अडकणं आत आलं. त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे 'हो' आणि 'नाही' असे दोनच कप्पे त्यांनी मोडले. ११ आणि वर असेल तर लाँग कोविड असण्याचा संभव दाट, १ ते १० असेल तर शक्य, आणि शून्य असेल तरच संभव कमी. म्हणजे 'नऊच आला, तुम्हाला ते नाही' हे वाक्य ज्यांनी स्कोअर बनवला त्यांनाही आज मान्य नाही. आपल्याकडचा फॉरवर्ड अजून २०२३ मध्येच अडकलाय.

पण जुनं-नवं हा माझा मुख्य मुद्दा नाही. नवा तक्ता आणला तरी आपल्या जिल्ह्यात तो एकटा चालणार नाही.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीची पोती उचलणारा पन्नाशीचा हमाल तुमच्याकडे आला. खोकला जात नाही, सारखी तहान लागते, थकवा, चक्कर, काही सुचत नाही. करा बेरीज: ४ आणि ३ आणि १ आणि १ आणि ३. बरोबर बारा. तक्ता म्हणतो लाँग कोविड. पण तहान आणि थकवा म्हटल्यावर तुमच्या डोक्यात आधी शुगर यायला हवी, आणि दोन आठवड्यांवर खोकला म्हटल्यावर थुंकीची तपासणी. मधुमेह आणि क्षय एकत्र आलेला माणूस या तक्त्यावर पूर्ण गुणांनी पास होतो. त्यात २०२१ मध्ये किती जणांना स्टिरॉइड दिली गेली आणि त्यानंतर किती जणांची शुगर पहिल्यांदा वर गेलेली सापडली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

आता दुसरी बाजू. तासगाव तालुक्यातली एक बाई माझ्याकडे येते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. द्राक्षबागेत मजुरीच्या टोळीत जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीचं काम असतं: मांडवाखाली उभं राहायचं, मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि घडातले जास्तीचे मणी कात्रीनं एकेक काढायचे. संध्याकाळपर्यंत ती ते करते. त्या दिवशी काही होत नाही. तिच्याच शब्दांत, "बागंत गेल्ते तवा काय झालं न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी मातूर अंगच उचलंना." डोकं जड, उजेड नको, बोलणंही नको. हे दोन दिवस, कधी चार दिवस. मग जरा बरं वाटतं, ती पुन्हा बागेत जाते आणि पुन्हा पडते. उभं राहिल्यावर धडधड होते, चक्कर येते. तिचा स्कोअर: ७ आणि २ आणि १ आणि १. अकरा. जुन्या तक्त्यावर एका गुणानं नापास.

आणि हे अकरा सुद्धा प्रश्न नीट विचारला तर. 'काम केल्यावर थकता का?' असं विचारलं तर तासगावात कोण नाही म्हणेल? काही जणी उलट 'काम कुणाला चुकलंय' म्हणून हसतात आणि उत्तर 'नाही' असं लिहिलं जातं. मग सात गुण गेले, उरले चार. श्रमानंतरची ही ढासळण ओळखायची तर वेळेबद्दल विचारावं लागतं. मी असं विचारते: 'पूर्वी सहज व्हायचं असं एखादं काम केलं, तर त्याच दिवशी त्रास होतो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी? एक रात्र झोपून भरून येतं का? पडून राहावं लागतं ते किती दिवस?' त्रास १२ ते ७२ तासांनी उसळत असेल, कामाच्या मानानं फार मोठा असेल आणि झोपेनं जात नसेल, तर पुढची सगळी दिशा बदलते. एवढ्या तीन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. कामेच्छेचा प्रश्न मात्र सासू शेजारी बसलेली असताना विचारला काय आणि न विचारला काय, सारखंच.

या तक्त्याची कसोटी घ्यायची म्हटलं तर एक मूळ अडचण येते. क्षयाच्या एखाद्या नव्या तपासणीची पारख करायची तर कल्चरशी, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीशी, ताडून बघता येतं. लाँग कोविडला तसा शेवटचा निवाडा देणारी तपासणीच नाही. याच रिकव्हर प्रकल्पानं दहा हजारांहून जास्त लोकांच्या पंचवीस नेहमीच्या रक्त-लघवी तपासण्या बघितल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष आला की लाँग कोविड ओळखता येईल अशी त्यात एकही नाही. म्हणून स्कोअर बनवताना तुलना झाली ती संसर्ग झालेल्यांची आणि न झालेल्यांची. १२ किंवा वर गेले ते संसर्ग झालेल्यांत २३ टक्के, न झालेल्यांत ३.७ टक्के. आपल्याकडे आता 'न झालेले' आणायचे कुठून? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चौथ्या सर्वेक्षणात जून-जुलै २०२१ मध्येच सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी होत्या, आणि ओमायक्रॉनची लाट तर त्यानंतरची.

३.७ टक्के हा आकडा लहान दिसतो. हजार वस्तीच्या गावात खरे तीस पेशंट आहेत असं धरू, आणि तक्ता त्यातले चोवीस पकडतो असंही धरू. हे दोन्ही आकडे मी हिशोबासाठी घेतलेत. उरलेल्या ९७० जणांत ३.७ टक्क्यांनी ३६ जण उगाच पकडले जातील. म्हणजे शिक्का बसलेल्या साठांत खरे चोवीस. तुम्ही म्हणाल, आम्ही गाव चाळत नाही, तक्रार घेऊन आलेल्यालाच विचारतो. बरोबर. पण तुमच्या बाकावर बसलेले बाकीचे लोकही तक्रार घेऊनच आलेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. थकवा, धडधड, चक्कर: चार गुण तर हिमोग्लोबिनच देऊन जातं. वर थायरॉइड, बी-१२, पाळीच्या वयातले बदल. अमेरिकेतल्या स्वयंसेवकांवर निघालेले ३.७ टक्के आपल्या ओपीडीत तेवढेच राहतील असं मला वाटत नाही.

स्कोअरची आपल्याला एकूण ओढ फार. २०२१ मध्ये एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, पंचवीसपैकी आकडा गल्लीगल्लीत विचारला जायचा. पेशंटचा दम कसा आहे, ऑक्सिजन किती, हे नंतर. आधी 'स्कोअर किती?' बोर्डाच्या निकालासारखं. फुप्फुसाच्या पाच भागांना शून्य ते पाच गुण, एवढाच त्याचा अर्थ होता, पण नातेवाईक त्यावर बेड शोधत होते. ते दिवस आठवले की या नव्या तक्त्याबद्दल मी जरा जास्तच कडवट होते, मान्य आहे.

आकडा नीट वापरायची पद्धतही आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच आशाताईंच्या हातात आहे. सीबॅक फॉर्म बघा. तिशीवरच्या माणसाला वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला आजार विचारून गुण देतात, चारच्या वर गेला की तपासणीला पाठवतात. त्या फॉर्मवर कुठलीही आशाताई 'मधुमेह' असं लिहीत नाही. आकडा तपासणीकडे नेतो आणि तिथं थांबतो. आपल्या तक्त्याचं नेमकं उलटं झालंय, आकडा आला की तपासणी थांबते.

माझ्या खोलीत याचा त्रास कसा होतो ते सांगते. 'व्यायाम द्यावा' हे औषध सगळ्यांना चालत नाही. फुप्फुसं खराब झालेला, आयसीयूमधून अशक्त होऊन आलेला माणूस व्यायामानं सुधारतो, हळूहळू वाढवत न्यायचा. पण ती विरळणीवाली बाई? तिला मी दर आठवड्याला थोडं वाढवून चालवलं तर ती आणखी खाली जाते. जागतिक फिजिओथेरपी संघटनेनं जून २०२१ मध्येच सांगितलं होतं की लाँग कोविडच्या पेशंटला व्यायाम देण्याआधी ही ढासळण आहे का ते तपासा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेनं एमई-सीएफएस या दीर्घ थकव्याच्या, याच्याच जवळच्या आजारात चढता व्यायाम देऊ नये असं म्हटलं. अॅमस्टरडॅमच्या गटानं श्रमाआधी आणि श्रमानंतर स्नायूंचे तुकडे काढून बघितले; श्रमानंतर स्नायूत खरोखर इजा दिसली, ते जानेवारी २०२४ मध्ये छापून आलं. अशा पेशंटला मी कामाची आखणी शिकवते. विरळणी सलग न करता मध्ये आडवं व्हायचं, स्वयंपाक बसून, एका दिवशी धुणं आणि बाजार दोन्ही नाही. चिठ्ठीवर 'स्कोअर १४' असेल तर हा पेशंट यातल्या कुठल्या प्रकारचा, ते मला कळतच नाही. दोन अगदी वेगळी माणसं त्याच चौदावर येतात.

मी मोजमापाच्या विरोधात नाही, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर हातात घेऊन दिवस जातो माझा. लीड्सला तयार झालेली यॉर्कशायर रिहॅबिलिटेशन स्केल मी वापरते. तिच्या सुधारित आवृत्तीत १७ प्रश्न आहेत. लक्षणांची तीव्रता वेगळी मोजते आणि रोजच्या कामातली अडचण वेगळी. कोविडनंतरची कार्यक्षमता सांगणारी शून्य ते चार अशी साधी पट्टी आहे, तीही चांगली. पण ही दोन्ही मोजमापं निदान झालेल्या माणसासाठी आहेत. त्याच माणसाला दोन महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारायचे आणि फरक बघायचा. त्या स्केलवर अमुक आकड्याच्या वर लाँग कोविड अशी रेघ नाही, आणि ते बरंच आहे.

त्या व्हॉट्सअॅपच्या कागदानं एक काम मात्र चांगलं केलं, ते नाकारणं अन्यायाचं होईल. तो येण्याआधी या लोकांना काय ऐकायला मिळायचं? 'मनाचे खेळ आहेत', 'घरात काही ताण आहे का', नाहीतर मल्टिव्हिटॅमिन. तक्त्यामुळे किमान बारा गोष्टी विचारल्या तरी जाऊ लागल्या. म्हणून तो फाडू नका. बेरजेची ओळ तेवढी पेनानं खोडा आणि प्रत्येक लक्षणासमोर 'कधीपासून' असं लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑक्टोबर २०२१ ची व्याख्या या एका शब्दावरच उभी आहे: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेला, किमान दोन महिने टिकलेला आणि दुसऱ्या निदानानं उलगडत नसलेला त्रास. पुढे-मागे होणारा, जाऊन परत येणारा त्रासही त्यात बसतो. तक्त्यात काळही नाही आणि 'दुसरं निदान' हा रकानाही नाही.

रिपोर्ट मागत बसू नका, एवढी एक विनंती. २०२१ च्या जुलैत एकीकडे लाट ओसरत नव्हती आणि दुसरीकडे कृष्णेचं पाणी घरात आलं होतं. कित्येकांचे कागद त्यात गेले. कित्येकांची टेस्ट झालीच नाही, घरातल्या एकाची पॉझिटिव्ह आली आणि बाकीचे सगळे तसेच कोपऱ्यात झोपले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं जून २०२४ मध्ये जी व्याख्या दिली, तिच्यातही लॅबच्या पुराव्याची सक्ती नाही.

चिठ्ठीवर मला हवं ते थोडंच आहे. कुठली लक्षणं आणि कधीपासून. आजारपणाआधी माणूस काय काम करायचा आणि आता काय जमत नाही. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइडची टीएसएच झालंय का, खोकला असेल तर थुंकी आणि एक्स-रे, छातीत दुखत असेल तर ईसीजी. ऑक्सिजन बसून किती आणि मिनिटभर उठ-बस केल्यावर किती. दुसऱ्या दिवशी ढासळतो का. आणि धडधड-चक्कर असेल तर उभं राहण्याची चाचणी, जी तुमच्याच क्लिनिकात होते. पाच-दहा मिनिटं आडवं झोपवायचं, नाडी आणि बीपी लिहायचं. मग भिंतीपासून साधारण सहा इंचांवर टाचा ठेवून पाठ भिंतीला टेकवून उभं करायचं, आणि दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी बघायची, मध्ये मध्ये बीपी. बीपी न पडता मोठ्या माणसाची नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तिथंच टिकली, तर तो 'पॉट्स' नावाचा वेगळा आणि उपचार असलेला प्रकार आहे. शेजारी कुणीतरी उभं राहा, काही जण खरंच पडतात. ऑक्सिमीटर २०२० पासून प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये आहे. कंपाउंडरला एकदा दाखवलं की तो करतो. शाळकरी मुलांवर मात्र हा तक्ता चालवू नका. मुलांसाठी त्याच प्रकल्पानं २०२४ मध्ये वयाप्रमाणे वेगळी मांडणी केली, कारण त्यांची लक्षणंच वेगळी पडतात.

तक्ता आपल्या भागात किती कामाचा ते खरंच बघायचं असेल तर तेही अवघड नाही. मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्यांच्या पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाला सोबत घेता येईल. तुमच्यापैकी काही जणांनी बेरीज न करता तक्ते भरायचे. पेशंटला दुसऱ्या फिजिशियननं तक्ता न बघता तपासायचं. तीन-चार महिन्यांनी अंतिम निदान काय ठरलं ते लिहायचं आणि मगच बेरीज उघडायची. बारावर किती जणांना शुगर, क्षय, रक्तक्षय निघाला आणि बाराखाली किती जण खरे आजारी होते, हे आपल्याच माणसांवरून कळेल. त्यासाठी लागणारे फोन आणि कागदपत्रांचं काम मी करायला तयार आहे.

तोवर नुसत्या स्कोअरची चिठ्ठी आली तरी मी पेशंट परत पाठवणार नाही. पण पहिल्या भेटीत व्यायामही सुरू करणार नाही. आधी तुम्हाला फोन करीन आणि विचारीन, शुगर केली का, थुंकी केली का, आणि उभं केल्यावर नाडी किती होते. फोन बहुतेक ओपीडीच्या गर्दीतच येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आपली,
मिरजेतली एक फिजिओथेरपिस्ट